सुकी पाने जाळू नका, आम्हाला द्या

महोदय,

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की ठाण्यात वर्षावृक्ष, बदाम, सोनमोहर यांच्या पानांचे ढीग रस्त्याकडेला साचतात. काही गाडीत भरून जातात, काहींना पहाटे काडी लागते. घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरात त्या दिवसांत खिडकी उघडायची सोय नसते. आईला दमा आहे.

याच सोसायटीत काही वर्षांपूर्वी ओल्या कचऱ्याचा खड्डा सुरू केला होता. दोन महिन्यांत दुर्गंधी, अळ्या आणि सभासदांची भांडणे. मग '24 तासांत खत' करणारे यंत्र आणले. त्यातून निघायचा तो निव्वळ वाळवून भरडलेला कचरा. कुंडीत घालून पाणी दिले की तो पुन्हा आंबायचा आणि रोपे पिवळी पडायची. कुजण्याचे काम जिवाणूंचे आहे आणि त्याला आठवडे लागतात, हे आम्हाला पैसे घालवून कळले.

खड्ड्यात चूक जिवाणूंची नव्हतीच. भाजीच्या देठांत, उरलेल्या अन्नात पाणी आणि नायट्रोजन भरपूर असतो. जिवाणूंना मात्र नायट्रोजनच्या पंचवीस-तीस पट कार्बन लागतो, शिवाय खेळती हवा. हवा कोंडली की ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि घाण वास सोडणारे माजतात. सुक्या पानांनी कार्बनही मिळतो आणि हवेला वाटही.

गेल्या पानगळीत आम्ही कोपऱ्यावरच्या ढिगातली पोती उचलून आणली. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पानांचा जाड थर दिला आणि विरजण म्हणून जुने खत व आंबट ताक शिंपडले. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घालवेना, इतका तो तापला होता. तो निवल्यावर पानांवर बुरशीचे पांढरे धागे पसरले. घाबरून एकाने औषध फवारायला सांगितले, ते आम्ही होऊ दिले नाही. पानांना चिवटपणा देणारे लिग्निन फोडणे बहुतेक जिवाणूंना जमत नाही. ते काम ही बुरशीच करते. (बदामाची जाड पाने मात्र आधी चुरून घ्यावीत.) दोन-अडीच महिन्यांनी खड्ड्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येऊ लागला. तो वास सोडणारे सूक्ष्मजीव दोन्हीकडे तेच.

उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच मनाई केली आहे. तरी पाने जळतात, कारण भरलेली पोती न्यायला वेळेवर गाडी येत नाही. त्याचा दोष झाडू मारणाऱ्यांच्या माथी मारू नये. महापालिकेने पानगळीपुरते प्रत्येक प्रभागातल्या उद्यानात जाळीचे पिंजरे उभारावेत, पाने तिथे साठवावीत आणि खड्डे चालवणाऱ्या सोसायट्यांना ती नेऊ द्यावीत.

आमच्या खड्ड्याला पावसाळ्यापर्यंत वीस-पंचवीस पोती लागतील. टेम्पोचे भाडे आम्ही भरू. पोती कुठून उचलायची, एवढे प्रभाग कार्यालयाने सांगावे.

– एक रहिवासी, ठाणे (पश्चिम)