बाबा, वही ठेवा, पण आठला दुकान बंद करा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा तुम्ही "बरं, तू ठरवलंयस तर ठीक आहे" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. मला रात्री झोप लागली नाही. फोनवर मी भरभर बोलते आणि मग रडायला येतं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. आई, तू मोठ्याने वाच, बाबांनी डोळ्यांना ताण देऊ नये.

हो, मी ठरवलंय. गणपतीत आले होते तेव्हाच आपल्या औषधांच्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मेटाबेस टाकलं, म्हणजे बिलिंगच्या डेटामधून स्वतःच रिपोर्ट काढता येतात ते सॉफ्टवेअर, आणि दुकानात संजूला सांगून आले की एक तारखेपासून रात्रीचा एक्सेल करायचा नाही. तुम्हाला विचारून करायला हवं होतं, हे मला कळतंय बाबा. पण विचारलं असतं तर तुम्ही "दिवाळीनंतर बघू" म्हणाला असता, आणि तोवर रोज रात्री साडेदहा-अकरापर्यंत तुम्ही दवा बाजारात त्या ट्यूबलाइटखाली बसणार, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला भिंगाची काच लावून एक्सेलचे आकडे वहीत उतरवणार, आणि आई रामबागेत गॅलरीत उभी राहून वाट बघणार. मला ते पुण्यात बसून सहन होत नाही. दुकान चालवू नका असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त शेवटचे ते तीन तास मला तुमच्याकडून काढून घ्यायचे होते.

तुम्हाला वाटत असेल मी ऑफिसातलं काहीतरी उचलून आणून ठेवलं. तसं नाही हो. गणपतीत आरतीनंतर आईला लॅपटॉपसमोर बसवत होते ते उगाच नव्हतं. तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर लावून ठेवली होती, आणि तिन्हींत तिला एकच गोष्ट शोधायला सांगितली, देवास-उज्जैनकडच्या कुठल्या पार्ट्यांची उधारी ९० दिवसांच्या वर गेलीये. मी माऊसला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. मला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, येतं, मी उत्तर दोन मिनिटांत काढीन, पण निवड माझ्यासाठी नव्हती ना. एसक्यूएल आयबीएमच्या दोघांनी १९७४ मध्ये मांडली ती खरं तर प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही डेटाला प्रश्न विचारता यावा म्हणून, आणि पन्नास वर्षांनी बघा, ती आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांचीच भाषा होऊन बसलीये आणि दुकानदार अजून कुणीतरी रिपोर्ट काढून देईल म्हणून थांबलेलाच आहे. आपल्या बिलिंगवाल्यांचं आठवतंय ना, एक्सपायरीचा एक साधा रिपोर्ट मागितला तर वेगळे पैसे घेतले आणि तीन आठवडे लावले.

त्या तिन्हींतलं मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय चांगलं आहे, डेस्कटॉपवर फुकट मिळतं, ग्राफही देखणे येतात. पण मी मांडून ठेवलंय तेवढंच तुम्हाला बघता येणार, पुढचा प्रश्न आला, समजा "मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून दाखव", तर बहुतेक वेळा डॅक्स नावाच्या त्याच्या भाषेत फॉर्म्युले लिहावे लागतात, म्हणजे परत मला फोन. शिवाय दुसऱ्याला शेअर करायचं तर माणशी लायसन्स. झोहो ॲनालिटिक्समध्ये साध्या इंग्रजीत प्रश्न टाइप केला तरी उत्तर येतं, ते मला खरंच आवडलं होतं, पण मी बघितलं त्यात डेटा क्लाउडवर चढवायचा होता, आणि पार्ट्यांची उधारी दुकानाबाहेर जाणं तुम्हाला मुळीच पटणार नाही.

मेटाबेसमध्ये आईने उधारी उघडलं, फिल्टरमध्ये गावं निवडली, दिवस ९० पेक्षा जास्त असं टाकलं, मग पार्टीप्रमाणे बेरीज. चार-पाच मिनिटं लागली, मध्ये एकदा चुकली, मागे गेली, परत केलं. सात नावं आली, आणि ती म्हणाली, "अगं, हा तर तुझ्या लग्नाला आला होता, याचे एवढे पैसे राहिलेत?" मग तिने स्वतःच त्याच्या आकड्यावर क्लिक केलं आणि आतली बिलं उघडली, मी न सांगता. मी तिथेच ठरवलं.

पण ते आधी तिला दिसलं कसं, हे सांगायला हवं, कारण सगळी मेहनत तिथेच आहे. आपल्या बिलिंगच्या डेटाबेसमध्ये शेकड्याने टेबलं आहेत आणि कॉलमची नावं अशी की ती बनवणाऱ्यालाच कळोत. ते तसंच तुमच्यासमोर ठेवलं असतं तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सोपं वाटलं नसतं. म्हणून मी त्यातून चारच गोष्टी तयार केल्या, बिलं, उधारी, स्टॉक आणि एक्सपायरी, कॉलमना आपली नावं दिली, पार्टी, गाव, बॅच, किती दिवस झाले, आणि बाकी सगळं लपवून टाकलं. विक्रीचे आकडे लाखात दाखवलेत कारण तुम्ही लाखातच बोलता. आणि हे सगळं फक्त वाचायची परवानगी असलेल्या वेगळ्या लॉगिनवर आहे, त्यामुळे बाबा, काहीही दाबा, कितीही चुका, एकही बिल इकडचं तिकडे होणार नाही. घाबरू नका.

आणि आता ते, जे मी फोनवर बोलायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात मेटाबेसची महिन्याची विक्री तुमच्या वहीपेक्षा दोन लाखांनी जास्त येत होती. तुम्ही म्हणालात "यात काहीतरी गडबड आहे" आणि मी म्हणाले, नाही बाबा, डेटाबेस चुकत नाही, तुमच्याकडूनच एखादं बिल राहिलं असेल. मी जरा जोरातच बोलले, संजूसमोर. बाबा, तुमची वही बरोबर होती. परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोट वेगळ्या टेबलात होत्या, मी त्या वजाच केल्या नव्हत्या. तुम्ही विक्री म्हणता तेव्हा परतीचा माल वजा जाऊन उरलेली विक्री म्हणता, आणि हे मी कामाला हात लावायच्या आधी तुमच्यासमोर बसून विचारायला हवं होतं. आता दुरुस्त केलंय, आणि त्या आकड्याखाली "परतीचा माल वजा करून" असं मराठीत लिहिलंय. मला माफ करा.

मला ३१ मार्चच्या रात्री आठवतात. स्टॉक मोजायला तुम्ही मला खोक्यावर बसवायचात, मी स्ट्रिपा दहा-दहाच्या गठ्ठ्यात लावायची, तुम्ही पानभर रकाना पेन न टेकवता नुसता नजरेने वरून खाली उतरायचात आणि खाली बेरीज लिहायचात, लाल शाईत. मी कॅल्क्युलेटरवर करून बघायची आणि दरवेळी तीच यायची. मग किती का वाजले असेनात, सराफ्यात भुट्ट्याचा कीस, आणि माझ्या द्रोणात लिंबू तुम्ही पिळायचात. मी आज जे काम करते ते तिथूनच सुरू झालंय हो बाबा. त्या वहीची जागा घ्यायला मी काही आणलेलं नाही. वही ठेवा. सकाळी, उजेडात, चहा घेऊन, महिन्याचे चार आकडे लिहा आणि मेटाबेसशी ताडून बघा, ते काम तुमच्याइतकं चांगलं कुणालाच जमणार नाही, क्रेडिट नोटचं तुम्हीच पकडलंत.

आता ऐका, आणि दोघांनी ऐका. रोज रात्री आठ वाजता बाबांच्या ईमेलवर दिवसाचा रिपोर्ट येईल, विक्री, वसुली, आणि येत्या तीन महिन्यांत एक्सपायर होणारा माल. तो टॅबवर घरी येऊन बघायचा, दुकानात नाही. अक्षरं मोठी करून ठेवलीत, तरी लहान वाटली तर दोन बोटांनी ताणायची. दुकानासाठी मोठा मॉनिटर मागवलाय, गुरुवारपर्यंत येईल, परत पाठवू नका, पैसे भरून झालेत. एक्सपायरीची यादी दर सोमवारी संजूकडून मागून घ्या, कंपन्या माल परत घ्यायला मुदत ठेवतात आणि आपली ती दरवर्षी हुकते. तो जुना कॉम्प्युटर बंद करायचा नाही, झाडू-पोछा करणाऱ्या मावशींना सांगा की त्याचा प्लग काढून तिथे मोबाइल लावायचा नाही, मी बोर्डावर कागद चिकटवलाय तो फाडू नका. बॅकअपचा पेनड्राइव्ह लोखंडी कपाटात काकांच्या फाइलींच्या वर आहे, शनिवारी संजू बदलेल.

आई, बाबा सव्वाआठला निघाले नाहीत तर तू मला फोन कर, त्यांना नको, मी बोलते. आणि तू स्वतः रोज एकदा उधारी उघडून बघत जा. तुला ते येतं. मी आलेली नसतानाही तू तीनदा उघडलंयस, मला इथून दिसतं. गुडघ्याचा पट्टा लावून बसत जा मात्र.

बाबा, अजून एक. एवढी वर्षं तुम्ही रात्री फोन करायचात तो "मनू, जरा हा रिपोर्ट काढून दे" म्हणून. हे सॉफ्टवेअर निवडताना मी नेमकं तेच बघितलं, की यासाठी तुम्हाला माझी गरज पडू नये. आणि गेले दहा दिवस तुमचा तसा फोन आला नाही. तर रिपोर्ट नसला तरी फोन करा. साडेनऊला करा, मी जेवून मोकळी असते, आज बाजारात काय झालं ते सांगा.

दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतलीत का ते आईने कळवावं. ड्रॉप फ्रिजच्या दारात आहेत, दिवसातून चार वेळा, मोजून.

तुमची,
मनू