बाबा, केबल का फेकली

थाबा-त्सेका, लेसोथो
१४ जुलै

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही चिडलात. "मोटरसायकलची चालती केबल काढून फेकतोस? दुसऱ्याचा पैसा आहे म्हणून?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून उत्तर कागदावर देतो.

इथे ऐन थंडी आहे. या देशातली सर्वांत सखल जागासुद्धा १,४०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराएवढी उंच. राजधानी मासेरूहून येताना एका घाटाचं नावच 'गॉड हेल्प मी' आहे. (आई, तेवढा रस्ता डांबरी आहे.) वरच्या वाड्यांना मात्र नुसते दगडगोटे. मोठ्या माणसांत पाचातल्या एकाला एचआयव्ही. दवाखान्यात रक्त घेतात, थुंकी घेतात, पण तपासणी होते जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत. मधलं अंतर आमच्या मोटरसायकली कापतात.

मागच्या हिवाळ्यात नवीन होतो, तुमच्याच हिशेबाने वागलो. ॲक्सिलरेटरच्या केबलचे दोन पदर सुटलेले दिसले. म्हटलं, काढेल अजून हजार किलोमीटर. चौथ्या दिवशी ओढ्याच्या अलीकडे तुटली. रायडर पेटी पाठीवर घेऊन चालत निघाला, पोचला दुसऱ्या दिवशी. नमुने बाद. त्यातलं एक रक्त तीन तास डोंगर उतरून आलेल्या बाईचं होतं. केबलची किंमत ती किती!

तेव्हापासून ठरलेले किलोमीटर भरले की केबल निघते, तुटो न तुटो. तुम्ही एसटीत डॉकिंग करायचात, बस बंद पडायची वाट न बघता ठरल्या वेळी तपासणी-दुरुस्ती, तेच हे. फक्त घाटात बस बंद पडली तर मागून दुसरी यायची, इथे मागून कोणी येत नाही.

हे शहाणपण माझं नव्हे. १९९१ साली याच देशात रायडर्स फॉर हेल्थ या संस्थेच्या लोकांनी ४७ मोटरसायकली अशाच सांभाळल्या. कित्येक वर्षं एकही ब्रेकडाऊन नाही. देणगीची गाडी मिळणं सोपं असतं हो. फीत कापायला साहेब येतात, ऑइल फिल्टरला पैसे कोणी देत नाही. म्हणून आम्ही किलोमीटरमागे खर्च काढतो. त्यात पेट्रोल, ऑइल, टायर, मेकॅनिकचा पगार आणि पुढची गाडी घ्यायची रक्कमसुद्धा.

रायडर रोज सकाळी किक मारण्याआधी पेट्रोल, ऑइल, चेनचा ताण, नट-बोल्ट, ब्रेक हाताने बघतो. हातमोजे काढून, दव गोठलेलं असतानाही. इथे पुरुषाला मानाने 'न्ताते' म्हणतात, म्हणजे वडील. विशीतली पोरं मला न्ताते म्हणून हाक मारतात आणि मी मागे वळून तुम्हालाच शोधतो.

आता काम. तुमचं जुनं फीलर गेज, ते फट मोजायच्या पात्यांचं, लाकडी पेटीत खालच्या कप्प्यात असेल. इथलं पातं वाकलंय, इंजिनच्या टॅपेटची फट नीट बसत नाही. दादाचा मित्र पुढच्या महिन्यात जोहान्सबर्गला येतोय, त्याच्याकडे द्या. सोबत आईचा काळा मसाला. दोन्ही एकाच पिशवीत नको, ऑइलचा वास लागेल.

तुमचा,
बाळू