बंड्या, तुझं छत माझ्या हातून गेलं

प्रिय बंड्या,

तुझ्या मागच्या पत्राला पाच महिने झाले. रोज उत्तर लिहायचं ठरवायचो आणि रोज टाळायचो. आता टाळून चालणार नाही. खुशाली आधी उरकतो: पाठ बरी आहे, घरी सगळे मजेत, धाकटीचे दात पडतायत. झालं.

आता खरं ते लिहितो. आपल्या खेळाच्या टेबलावरच्या छोट्या जत्रेतलं, गोल फिरणाऱ्या घोड्यांवरचं तुझं छत गेलं. बारा पाकळ्यांचं, तू दोन सुट्ट्या घालवून कोरलेलं. पडलं नाही, त्यावर कुणी बसलंही नाही. मी त्याच्यावर स्प्रेचं मॅट व्हार्निश मारलं.

एवढं वाचून तू कपाळाला हात लावला असशील. एक्सपीएसवर, म्हणजे छताच्या त्या कडक फोमवर, स्प्रे मारायचा नाही, स्प्रेतलं सॉल्व्हंट फोम खातं, हे आपण किती जणांना बजावून सांगितलं असेल! पण मी सील केलं होतं रे. पांढरा गोंद आणि काळा ॲक्रिलिक एकत्र करून दोन हात दिले होते, खालून आणि कडांनासुद्धा. त्यावर पट्टे. पट्ट्यांना तीन रात्री गेल्या. तू शिकवलंस तसंच केलं, आधी सगळं पांढरं, मग टेप, टेपच्या कडेवर पुन्हा पांढऱ्याचा एक हात, तो वाळल्यावर लाल. टेप ओढली तेव्हा रेघ अशी आली होती की मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

राहिलं फक्त झेंड्याच्या काडीचं भोक. काडी रंगवायला मी बाहेर काढली होती आणि भोक तसंच उघडं होतं. दोन मिलिमीटरसुद्धा नसेल. आधी काहीच दिसलं नाही. बारीक चुरचुर ऐकू येत होती, मला वाटलं डबा संपत आलाय. थोड्या वेळाने छत उचललं तर हाताला वजनच लागेना. वरून सगळं जिथल्या तिथे, लाल-पांढरं, एक ओरखडा नाही. अंगठा टेकवला आणि तो अंड्याच्या कवचातून जावा तसा आत गेला. आत निळ्या फोमचे तंतू आणि पोकळी. मग एकेक करत सात पाकळ्या खाली बसल्या. पाच उभ्या राहिल्या.

घोडे वाचले. इपॉक्सी पुटीला काही होत नाही. बाराही जागेवर आहेत, पितळी तारेच्या दांड्यांवर.

घरी सांगितलं तर उत्तर आलं, "मग दुसरं कर." बरोबरच आहे, पण हे सांगून समजणारं माणूस तू एकटाच आहेस. कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी खेळ ठरला होता. मॅलिफॉ, आपला छोट्या बाहुल्यांच्या लढाईचा खेळ, ३ फूट बाय ३ फूट, आपली सगळी जत्रा पहिल्यांदाच एका टेबलावर. रद्द करायचं माझ्या जिवावर आलं. मी ते बसलेलं छत तसंच घोड्यांवर ठेवलं. नाना आला, टेबलाभोवती एक फेरी मारली आणि ओरडला, "अरे वा! जळकी जत्रा! शेवटी तुझंच खरं झालं तर!" बाकीचेही तेच म्हणाले. फोटो काढले. पिंट्याने तर त्या पडक्या बाजूतून नेम धरून माझा म्होरक्या पहिल्याच फेरीत लोळवला आणि असा टेरेन, असा टेबलावरचा देखावा, त्याने कधी पाहिला नाही म्हणाला.

आणि मला घशाशी आल्यासारखं झालं, बंड्या. आठ वर्षं आपण यावरूनच भांडलो. मला ओसाड जत्रा हवी होती: फाटका तंबू, गंजलेला पाळणा, मोडकी तिकीटखिडकी. तू म्हणायचास, तसं कुणीही करतं. फाटका तंबू बघितला की खेळणाऱ्याला आधीच कळतं इथे काहीतरी वाईट आहे, आणि भोकांतून सगळीकडे नेम लागतो, मग आडोशाला काय राहिलं? तुला चालू जत्रा हवी होती. दिवे लागलेले, रंग ताजा, घोडे फिरायच्या बेतात, आणि माणूस एकही नाही. "याची भीती वाटेल," असं तू म्हणालास आणि मी हसलो होतो. त्या वेळचं हसणं मागे घेतो. परवा रात्री छत जाण्याआधी अर्धा तास मी खोलीतला दिवा घालवून पाळण्याचे एलईडी लावले होते. रिकाम्या बारा खुर्च्या आणि तिकीटखिडकीत पिवळा उजेड. मी खुर्चीतून उठून मागचं दार लावून आलो. तेव्हा तुझं म्हणणं पटलं मला, आणि तुला तेच कळवायचं होतं. त्याच्याऐवजी हे कळवतोय.

म्हणजे वाद मी जिंकलो, आणि असा जिंकायचा नव्हता.

पाळण्याचं तुला सांगायलाच हवं. तो उभा राहिला! तुझा पहिला हट्ट आठवतो ना, १८९३ चा शिकागोचा पाळणा करायचा, फेरिसचा मूळचा? २६४ फूट उंच, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. आपल्या १:५६ च्या मापात, म्हणजे छप्पन्नाव्या हिश्श्यात काढलं तर १४४ सेंटिमीटर आलं, आणि नाना म्हणाला, "टेबलावर ठेवा, वरचा डबा रंगवायला मी शिडी धरतो." बरं झालं तू सुलिव्हन या अमेरिकन पाळणेवाल्यावर आलास. १९०० सालचा त्याचा पाळणा ४५ फुटांचा, गावोगाव न्यायचा. आपल्या मापात साडेचोवीस सेंटिमीटर, म्हणजे टेबलावर उंचही दिसतो आणि पलीकडच्या माणसाचं तोंडही झाकत नाही. आरे बांबूच्या काड्यांचे केले. खुर्च्या तारेवर नुसत्या टांगल्यात, चिकटवल्या नाहीत. चाक बोटाने ढकललं की बाराही सरळ राहतात. तळात तीन मोठे वॉशर आहेत, कोपर लागलं तरी कलंडत नाही. दिवे बटणसेलवर, एका सेलवर तीनच.

तंबूचं मापही तुझंच ठेवलं. आधुनिक सर्कस सुरू करणाऱ्या ॲस्टलीच्या काळापासून सर्कशीचं रिंगण ४२ फुटांचं, आपल्याकडे ते २३ सेंटिमीटर. मी मागे १५ वर आणायला निघालो होतो, जागा वाचेल म्हणून. आता कळतं, १५ मध्ये ३० मिलिमीटरच्या बैठकीचे चार गडी उतरले की हलायला जागा नाही. २३ मध्ये मारामारी होते. घोडा रिंगणात गोल धावेल आणि स्वार उभा राहील एवढी जागा कुणीतरी अडीचशे वर्षांपूर्वी ठरवली आणि ती आपल्या टेबलावर तंतोतंत बसली, याचा मला फार आनंद झाला.

आणि घोड्यांची दिशा! तीन घोडे मी उलटे चिकटवले होते ते तू रात्रीत ब्लेडने उचकटलेस, दोघांचे पाय मोडलेस आणि सकाळी मलाच विचारलंस, "घोड्यावर कुठल्या बाजूने बसतात?" डावीकडून बसतात, म्हणून इंग्लंडातले घोडे घड्याळाच्या दिशेने फिरतात, डावी बाजू बाहेर येते. अमेरिकेतले उलटे फिरतात, मीही त्यावरच अडून बसलो होतो. चार दिवस बोललो नाही आपण. परवा छताचे तुकडे उचलताना घोडे पहिल्यांदा वरून नीट बघितले. डाव्या बाजूला आयाळीची एकेक बट कोरलीयेस, जिनाला टाके आहेत, लगामाला कडी आहे. उजवी बाजू साधी. दिशा बदलली असती तर तुझं सगळं काम आतल्या खांबाकडे तोंड करून राहिलं असतं. हे तेव्हा सांगायचं होतंस की! पाय मोडायच्या आधी.

आता माझं काय अडलंय ते लिहितो. नाना म्हणतो, राहू दे, नशिबाने चांगलं झालंय. लोकांना आवडलंय हेही खरं. पण ते छत बघितलं की मला माझा हट्ट दिसतो. तंबू ताजा, पाळणा उजेडात, आणि मधोमध ते एकच जळकं, दोघांपैकी कुणाचंच नाही. मला ते पुन्हा करायचंय, तुझ्यासारखं, अख्खं. पण तुला न विचारता नाही. तुझा हात माझ्याकडे नाही. तू पाकळीच्या कडेला जो बाक देतोस तो मला दोनदा करून साधला नाही. दोन्ही तुकडे ठेवलेत, पाठवू का बघायला?

तुझ्याबद्दल विचारायचं राहूनच चाललंय. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? नव्या जागेत सामान लागलं का? मुलीची परीक्षा कधी आहे? तिला सांग, तिने रंगवलेला फुगेवाला तिकीटखिडकीशेजारीच आहे, खेळ कुठलाही असो, त्याला कुणी हलवत नाही. वहिनींना नमस्कार.

पडलेल्या पाकळ्यांच्या आतल्या बाजूला तुझी पेन्सिल दिसली. गोंदाच्या थरावर अर्धवट उमटलीये. "लांबी ११.८" वाचता येतं. त्याआधी "११.४" आणि "११.६" खोडलेलं आहे. रुंदीचा आकडा नेमका गेलाय, पाचपूर्णांक काहीतरी आहे, पुढचं विरघळलं. तुझ्या वहीत किंवा पुठ्ठ्याच्या साच्यावर तो असेल तर लगेच कळव. आणि माप कडेच्या आतून घेतलंस की बाहेरून, तेही लिही. फोम आणून ठेवलाय, या वेळी व्हार्निश ब्रशने लावीन.

तुझाच,
बाळ्या

ता. क. झेंड्याची काडी शाबूत आहे.