उशीर का झाला, असे न विचारणाऱ्या सिस्टर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘आरटीई’ म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब मुलांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांवरून दरवर्षी वाद झडतो. गरिबाची मुले वर्गात बसली तर आमच्या मुलांचे कसे होणार, असे शिकलेसवरलेले पालक उघड बोलतात. ते कानावर आले की मला सिस्टर सिरिल मूनी आठवतात.

आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर १९५६ मध्ये लोरेटो संघाच्या धर्मभगिनी म्हणून भारतात आल्या आणि २०२३ मध्ये इथेच गेल्या. या संघाचे मूळ इंग्लंडच्या मेरी वॉर्ड यांच्याकडे जाते. धर्मभगिनींनी मठाच्या भिंतीआड न राहता मुलींना शिकवावे, हा त्यांचा आग्रह. पोपनी १६३१ मध्ये त्यांची संस्थाच मोडीत काढली होती.

सिस्टर १९७९ मध्ये कोलकात्याच्या सियालदह येथील लोरेटो शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या, तेव्हा बहुतेक मुली फी भरणाऱ्या होत्या. त्यांनी बिनफीच्या मुलींचे प्रमाण वाढवत निम्म्यावर नेले. म्हणजे पन्नास टक्के! आरटीई कायदा २००९ चा. सिस्टरांच्या शाळेसारख्या अल्पसंख्याक शाळांना तर न्यायालयाने पुढे पंचवीस टक्क्यांच्या अटीतून वगळलेच.

१९८५ मध्ये त्यांनी ‘रेनबो’ सुरू केले. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांनी जमेल तेव्हा शाळेत यावे. मूल सकाळी येवो की कामे उरकून दुपारी, उशीर का झाला असे कोणी विचारायचे नाही. ते आले की गणवेशातली एखादी मुलगी त्याच्या शेजारी बसायची आणि त्या एकट्याला अक्षरे शिकवायची. शिकवणाऱ्या मुली पाचवीपासूनच्या. यात त्या मुलींनी दया दाखवण्याचा प्रश्नच नव्हता, तो वेळापत्रकातला तास होता. आपण ज्याला कार्यानुभव म्हणतो, त्या तासिका सिस्टरनी याच कामाला लावल्या. पुढे रस्त्यावरच्या काही मुली रात्रीही शाळेतच राहू लागल्या. सिस्टरना त्यागमूर्ती म्हणून हात जोडणे सोपे आहे. मला मात्र त्यांचे हे वेळापत्रक जास्त मोठे वाटते.

मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. कार्यानुभवाला आम्ही कागदाची फुले करून घेत असू. एके वर्षी मार्चअखेर ऊसतोडीहून परतलेली एक मुलगी वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. पाठीवर धाकटा भाऊ, हातात मागच्या वर्षीचे पुस्तक. परीक्षा तोंडावर आली होती. “आता जूनमध्ये ये गं,” मी म्हटले. जूनमध्ये ती आली नाही. तिच्याशेजारी बसायला वर्गात चाळीस मुले होती, हे मला तेव्हा सुचले नाही.

सिस्टरना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. तरी आमच्या एकाही प्रशिक्षणात त्यांचे नाव निघाल्याचे मला आठवत नाही. निदान आता शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘रेनबो’चे वेळापत्रक दाखवावे, ही विनंती. आणि एखाद्या शाळेने आठवड्यातली एक तासिका अशा मुलांसाठी काढली, तर अक्षरे कशी शिकवायची हे मोठ्या वर्गातल्या मुलांना दाखवायला मी विनामोबदला येईन. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका