नंबर नसलेली जुनी बंदूक विकत घेण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्राच्या आसपास जुन्या हत्यारांच्या खरेदी-विक्रीला जोर चढतो. खंडेनवमीच्या पूजेत तलवार हवी, जमल्यास एखादी ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूकही हवी, असे अनेकांना वाटते. शेतघरे आणि हॉटेले सजवणाऱ्यांनाही भिंतीवर बंदूक टांगायची असते. विकणारा मोबाइलवर फोटो पाठवतो आणि ठरलेले वाक्य ऐकवतो : ‘साहेब, यावर ना कंपनीचे नाव, ना नंबर. अँटिक पीस आहे. याला लायसन्स लागत नाही.’ पोलीस दलात आर्मोरर म्हणून माझी नोकरी झाली. हत्यारे उघडण्या-जोडण्यात आयुष्य गेले. म्हणून कळकळीने सांगतो, की हे वाक्य खोटे आहे आणि त्यावर विसंबून पैसे मोजणारा सरळमार्गी माणूस गुन्ह्यात अडकतो.

शस्त्र अधिनियम, 1959 मधले कलम 8 प्रत्येक हौशी संग्राहकाने वाचावे. ज्या बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव, क्रमांक किंवा सरकारमान्य अशी दुसरी ओळखखूण नाही, ती विकायला किंवा दुसऱ्याच्या हवाली करायलाच या कलमाने मनाई आहे. पुढचे पोटकलम त्याहून कडक. अशी बंदूक ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ती खूण खोडली असे कायदा गृहीत धरतो. आपण ते केले नाही हे त्याने सिद्ध करायचे. हा कायदा 1 ऑक्टोबर 1962 रोजी अमलात आला, तेव्हा ज्यांच्या घरी आधीपासून बिनखुणेच्या बंदुका होत्या त्यांना या गृहीतकातून एक वर्षाची सवड मिळाली होती. ती संपून सहा दशके झाली. म्हणजे नंबर नाही ही सवलत नाहीच, तीच तर खरी अडचण आहे.

मग ‘अँटिक’चे काय? कलम 45 मध्ये सूट आहे, पण ती विक्रेते सांगतात तशी नाही. कालबाह्य बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके हत्यार कायद्याबाहेर राहते ते एकाच अटीवर : दुरुस्ती करून किंवा न करता, कसेही, ते बंदूक म्हणून वापरता येण्यासारखे नसावे. ‘दुरुस्ती करून’ या दोन शब्दांत सगळे आले. ठासणीच्या बंदुकीचा घोडा तुटलेला असेल, केप (ठिणगी पाडणारी छोटी टोपी) बसवायची निपल म्हणजे नळकांडी गायब असेल, पण नळी शाबूत असेल, तर गावचा बरा लोहारसुद्धा ती चार दिवसांत बार उडवण्याजोगी करून देतो. अशी बंदूक कितीही गंजलेली दिसो, कायद्याच्या लेखी ती बंदूकच. वयाचाही उपयोग नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 प्रमाणे शंभर वर्षांपुढची वस्तू पुरावशेष ठरते, पण त्याने शस्त्र परवान्याची गरज संपत नाही. उलट पुरावशेषांचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो आणि अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. ब्रिटिश फौजेची पहिल्या महायुद्धाआधीची ली-एनफील्ड रायफल आज शंभरी ओलांडून गेली आहे. ती घरात नुसती शोभेची वस्तू म्हणून ठेवता येईल असे कोणी म्हणेल का?

हा गैरसमज बराचसा इंटरनेटवरून आला आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1898 पर्यंत बनलेल्या बंदुका ‘अँटिक’ म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. तिथे सर्वच बंदुकांवर क्रमांक सक्तीचा झाला तो 1968 च्या कायद्याने, त्यामुळे त्याआधीच्या कितीतरी साध्या शॉटगन क्रमांकाशिवाय आहेत आणि त्या रीतसर विकल्या जातात. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडचा खरेदीदार निर्धास्त होतो. ते नियम ओहायोत चालतील, कराडला चालत नाहीत.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण बिनखुणेची प्रत्येक बंदूक चोरीची नसते. आपल्याकडच्या तोडेदार बंदुका गावोगावच्या कारागिरांनी घडवल्या. जामगी म्हणजे सुताची वात पेटवायची, नळीच्या बाजूच्या कानात (छोट्या खळग्यात) रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू भरायची, चाप ओढला की जळती जामगी कानावर उतरायची, अशी ती रचना. त्यांच्यावर क्रमांक घालायची पद्धतच नव्हती. फार तर शस्त्रागाराची नोंद असते. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या हत्यारांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली नागरी अक्षरे दिसतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर मात्र शिक्के आहेत, आधी हृदयाच्या आकाराची व्यापारी मुद्रा आणि 1808 च्या सुमारापासून उभा सिंह. इंग्लंडमध्ये नळीत जादा दारू भरून तिची चाचणी घेत आणि मगच शिक्का मारत. बर्मिंगहॅमचे चाचणीघर 1813 चे. हे शिक्के पुष्कळदा नळीच्या खालच्या अंगाला असतात. लाकडातून नळी उचलल्याशिवाय ते दिसतच नाहीत. ‘काहीच खूण नाही’ असे सांगून आणलेल्या बंदुकांची नळी मी मोकळी केली आणि खाली स्वच्छ शिक्के निघाले, असे नोकरीत अनेकदा झाले.

खोडलेली खूण ओळखणेही जाणत्याला अवघड नाही. कानस फिरलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट असतो, आजूबाजूच्या गंजाशी त्याचा रंग जुळत नाही. शिवाय अंक ठोकताना खालचे लोखंडही दबलेले असते, त्यामुळे वरचे अंक घासून टाकले तरी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत आम्ल वापरून ते पुष्कळ वेळा परत दिसू शकतात. आणि खूण आहे म्हणूनही हुरळून जाऊ नये. पेशावरजवळच्या दर्रा आदमखेल इथे पिढ्यान्‌पिढ्या नकली बंदुका बनतात. त्यांवर मुकुट, व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे, एनफील्डचे नाव असे सगळे ठोकलेले असते, पण स्पेलिंग चुकते, एखादे अक्षर उलटे पडते, आणि राणी जानेवारी 1901 मध्ये वारली तरी शिक्क्याशेजारचे साल त्यानंतरचे असते.

एक धोका कायद्यापलीकडचा आहे. माळ्यावर पडलेली ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनीही पेट घेते. अशी बंदूक सापडली तर घोड्याला हात लावू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका, ती हातात धरून फोटो काढू नका. आजोबा-पणजोबांच्या कागदांत जुना परवाना शोधा. पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्याची सोय कायद्यातच आहे.

परंतु लोक असे करत नाहीत, आणि त्यांना सगळा दोष देता येत नाही. ठाण्यात गेलो तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल या धास्तीने कोणी बंदूक विहिरीत टाकतो, कोणी नळीचे तुकडे करून भंगारात देतो, कोणी अंधारात विकून मोकळा होतो. यातली एखादी नळी मराठेशाहीतली असेल तर तीही गेली. म्हणून आपल्या वृत्तपत्रामार्फत गृह विभागाकडे मागणी करतो, की प्रत्येक जिल्ह्यात ठराविक दिवशी जुन्या बंदुकांची तपासणी ठेवावी. पोलीस आर्मोरर, प्रयोगशाळेतला बंदूकतज्ज्ञ आणि राज्य पुरातत्त्व खात्याचा माणूस असे तिघे एका टेबलावर बसावेत. स्वतःहून वस्तू दाखवणाऱ्या वारसाला त्या दिवशी आरोपी समजू नये. जी बंदूक कायमची निकामी आहे तिचे लेखी प्रमाणपत्र द्यावे. जी चालू शकते तिच्यावर रीतसर क्रमांक ठोकून परवान्याचा अर्ज तिथेच घ्यावा, नाहीतर वस्तुसंग्रहालयात देण्याची वाट मोकळी करावी. यासाठी केंद्राची परवानगी किंवा नियमांत बदल लागत असेल तर राज्याने तो प्रस्ताव पाठवावा.

तोपर्यंत वाचकांना एवढीच विनंती, की विक्रेत्याकडून परवाना क्रमांक आणि ताब्याचे कागद मागा. ते नसतील तर बयाणा देऊ नका, आणि ‘फक्त पाहायला’ म्हणूनही ती बंदूक घरी ठेवून घेऊ नका.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पोलीस आर्मोरर, सातारा