‘जणू’ गळून पडलं की…

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मानसोपचारावर लेख आला होता. समुपदेशकानं आपल्या भावना दाराबाहेर ठेवून आत बसावं, अशा अर्थाचं त्यात काहीतरी होतं. चपला काढून ठेवाव्यात तसं! मी बत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, मला ते एक दिवसही जमलं नाही. घरून भांडून आले की त्या दिवशी निबंधाच्या वह्यांवर लाल शाई जरा जास्तच सांडायची.

यजमान गेल्यावर माझी झोप उडाली. मुलीनं हट्टानं गंगापूर रोडच्या एका समुपदेशक मॅडमकडे नेलं. पुढे इंदिरानगरहून सिटीलिंकच्या बसनं मी एकटीच जाऊ लागले. चार वेळा बरं वाटलं. पाचव्या वेळी मी आयसीयूतल्या शेवटच्या रात्रीचं सांगत होते. मॅडमचे डोळे भरून आले. तिथवर ठीक होतं, उलट मला धीरच आला. पण मग त्या म्हणाल्या, “माझ्या बाबांचंही असंच झालं हो, मागच्याच महिन्यात.” पुढची वीस मिनिटं त्या बोलत होत्या आणि मी पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवत होते.

राग आला नाही, आजही नाही. वडील जाऊन महिना होतो न होतो तोच ती बाई कामावर बसली होती. पण त्या दिवसापासून मी हातचं राखून बोलू लागले. “आता बरं आहे,” म्हणायचे. त्यांना त्रास नको म्हणून. म्हणजे फी मी भरायची आणि सांभाळायचंही मीच! दोन महिन्यांनी जाणं सोडलं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1957 मध्ये समानुभूतीविषयी लिहिताना एक अट घातली आहे. दुसऱ्याचं आतलं जग जणू आपलंच आहे असं जाणावं, पण त्यातलं ‘जणू’ सुटू देऊ नये. मुलीनं हे सांगितलं तेव्हा मला आमचा अलंकारांचा तास आठवला. उत्प्रेक्षेत ‘जणू’ असतं. रूपकात ते गळून पडतं आणि दोन्ही गोष्टी एकरूप होतात. कवितेत रूपक शोभतं. त्या खोलीत मात्र मॅडमचं रूपक झालं आणि माझं दुःख त्यांच्या दुःखात विरघळून गेलं.

मग कोरा चेहरा हाच उपाय का? मला नाही पटत. उपचारकाच्या भावना हा अडथळा आहे, त्यानं त्या ओळखून आवराव्यात, असं फ्रॉईड 1910 मध्ये म्हणाला होता. पण 1950 मध्ये पाउला हायमान या मनोविश्लेषक बाईंनी उलट बाजू मांडली: समोरच्याच्या मनात काय चाललंय हे कळायला उपचारकाची स्वतःची भावनाच कामी येते. अर्थात, ती आपली आपल्याला कळली असेल तर.

याचा पडताळा मला वर्षभरानं आला. दुसरा समुपदेशक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. एकदा मी देवघरापाशी रडू येतं म्हणाले, तर त्यानं लगेच फिरायला जा, भजनी मंडळात जा, अशी यादीच दिली. मी गप्प. पुढच्या वेळी तो आपणहून म्हणाला, “बाई, मागच्या वेळी मी सल्ल्याची घाई केली. तुमचं रडणं मलाच सोसवेना. माझ्या सीनियरशी बोलताना ते लक्षात आलं. तुम्हाला तेव्हा काय वाटलं?” काय वाटलं ते मी सांगितलंच, आणि मुलीलाही न सांगितलेली एक गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

हे ‘सीनियरशी बोलणं’ म्हणजे सुपरव्हिजन. ब्रिटनमधली समुपदेशकांची संघटना, बीएसीपी, आपल्या अ‍ॅक्रेडिटेड सदस्यांना काम चालू असेपर्यंत महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यायला लावते. वीस वर्षं मुरलेल्यालाही सुटका नाही. आपल्याकडे शिकतानाच्या काळात ते असतं; पुढे दवाखाना थाटला की ज्याच्या त्याच्या मर्जीवर. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच नाशकात, म्हसरूळला आहे. शहरातल्या समुपदेशकांसाठी त्यांनी असे नियमित गट चालवायला काय हरकत आहे? आणि उपचार घेणाऱ्यांनो, “तुम्ही कुणाशी बोलता?” असं पहिल्याच भेटीत बेधडक विचारा. समोरच्याच्या कपाळाला आठी पडली, तर तेही एक उत्तरच.

एक विनंती आपल्यालाही. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, 14416, ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र चालते. आत्महत्येच्या काठावरच्या माणसाचा फोन ठेवल्यावर पुढचा फोन घेण्याआधी तिथल्या माणसाला किती मिनिटं मिळतात, एवढं आपल्या वार्ताहरानं विचारून छापावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)