लेखात पाय कुठे आहेत?

महोदय,

छोट्या विमानाच्या अपघातावरचा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. चहा गार झाला. 'उतरताना आडव्या वाऱ्यामुळे नियंत्रण सुटले' एवढे सांगून लेखकमहाशय मोकळे! 'हृदय बंद पडल्याने मृत्यू', त्यातलाच प्रकार. वारा सगळ्यांनाच आडवा येतो; सगळी विमाने धावपट्टी सोडून गवतात जात नाहीत.

मी १९७४ साली पुष्पकवर उडायला शिकलो. रामायणातले नव्हे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे, ९० अश्वशक्तीचे, कापड चढवलेले, आणि तिसरे चाक शेपटीखाली. अशा विमानाचे बरेचसे वजन मुख्य चाकांच्या मागे असते. धावताना जरा वाकडे झाले की मागचा बोजा पुढे यायला धडपडतो.

एकट्याने उडायला लागून आठवडाच झाला होता. वारा डावीकडून होता. डावा पंख किंचित खाली, उजव्या पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे सुकाणू, दाबलेला, नाक पट्टीच्या रेषेत. डावे चाक टेकले, मग उजवे, मग शेपूट. इतके सुरेख उतरलो की घरी आईला काय सांगायचे ते मनात जुळवू लागलो, आणि पाय सैल पडले. वेग उतरला की रडरला वाऱ्याचा जोर मिळत नाही. नेमके तेव्हाच आडव्या वाऱ्याने शेपूट ढकलली, नाक डावीकडे गेले. मी उजवा पाय दाबला, पण उशिरा. विमान गर्रकन फिरले, उजव्या पंखाचे टोक जमिनीला घासले, आणि धूळ बसली तेव्हा मी आलो त्याच दिशेला तोंड करून बसलो होतो.

उडायला शिकवणारे सर सायकल हाणत आले. लागले का वगैरे नंतर. पहिला प्रश्न, "पाय कुठे होते?"

पुढचे तीन दिवस हँगरमध्ये फाटलेल्या पंखाला ठिगळ लावून त्यावर डोपचे, म्हणजे कापड ताणून घट्ट करणाऱ्या रोगणाचे, हात मारत होतो. तो वास अजून नाकात आहे.

हल्ली शिकायला असते त्या छोट्या सेसना विमानाला नाकाखाली चाक असते. ती वाकडी टेकली तरी बऱ्याचदा आपसूक सरळ होते, म्हणून पायांना आळस चढतो. आपल्याकडे सिग्नल सुटल्यावरही दोन्ही पाय लोंबकळत ठेवून स्कूटर हाकणाऱ्यांसारखा. परवाच्या अपघातातल्या वैमानिक मुलाची चूक होती असे मी म्हणत नाही, ते चौकशीत ठरेल. पण आपल्या लेखात इंजिन आले, हवामान आले, पट्टीची लांबी आली. पाय काही आले नाहीत. 'विमान उसळल्यास पुन्हा उड्डाण करावे' हा सल्ला उत्तमच. मात्र एकदम पूर्ण ताकद दिली की नाक डावीकडे ओढते आणि तिथेही उजवा पायच लागतो, हे कोणी सांगायचे?

आणि सोबतचे छायाचित्र भल्यामोठ्या प्रवासी जेटचे! धन्य आहे.

जाता जाता : फुटपाथवरच्या दुचाकींबद्दलचे माझे पत्र मागच्या महिन्यात आपण छापलेत, आभारी आहे. पण शेवटची चार वाक्ये उडवलीत आणि मुद्दा त्यातच होता. हेही कापायचे असेल तर खुशाल वरून कापा, सरांचा प्रश्न तेवढा राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक,
सदाशिव पेठ, पुणे